कोंबडीची पिल्लं चौथ्या-पाचव्या दिवशीच का मरतात? आणि ती जगवायची कशी?

परसात थोड्या कोंबड्या असाव्यात म्हणून कुणीतरी हौसेने वीस पिल्लं आणतं. पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवतं, वर बल्ब सोडतं, ताटलीत तांदळाची कणी आणि वाटीत पाणी ठेवतं. पहिले तीन दिवस सगळं छान चालतं. पिल्लं इकडून तिकडे पळतात, घरातली पोरं खोक्यापासून हलत नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी दोन पिल्लं आडवी पडलेली दिसतात. पाचव्या दिवशी आणखी तीन. मग घरातलं कुणी म्हणतं दृष्ट लागली, शेजारी म्हणतो साथ आली, आणि दुकानदार औषधाची एक बाटली हातात ठेवतो.

पुष्कळदा दृष्ट नसते आणि साथही नसते. चौथ्या-पाचव्या दिवशी मेलेलं पिल्लू घरी आलं त्याच दिवशी मरणाच्या वाटेला लागलेलं असतं. ते आपल्याला दिसत नाही, कारण कोंबडीचं पिल्लू अंड्यातून बाहेर येताना दोन-तीन दिवसांची शिदोरी पोटात घेऊनच येतं.

पोटातली शिदोरी

कोंबडीचं अंडं उबायला २१ दिवस लागतात. बाहेर पडण्याच्या थोडं आधी अंड्यात उरलेला पिवळा बलक पिल्लाच्या पोटात ओढला जातो आणि बेंबी बंद होते. या बलकावर पिल्लू साधारण ४८ ते ७२ तास तग धरतं. निसर्गाने ही सोय का केली असावी, ते खुडूक कोंबडीकडे पाहिलं की समजतं. तिच्याखालची सगळी अंडी एकाच वेळी फुटत नाहीत. शेवटचं पिल्लू निघेपर्यंत ती जागची फारशी हलत नाही. तोवर आधी निघालेली पिल्लं तिच्या पंखाखाली उपाशी बसून राहतात, आणि त्यांचं काही बिघडत नाही.

हॅचरीवाले याच सोयीचा फायदा घेतात. एक दिवसाची पिल्लं भोकं पाडलेल्या खोक्यात भरून टेम्पोने रातोरात दुसऱ्या जिल्ह्यात पाठवता येतात, ती या बलकाच्या जोरावर.

पण नवख्या माणसाला हाच बलक फसवतो. खोक्यातल्या वीस पिल्लांपैकी पाच पिल्लांना दाणा म्हणजे काय हे कळलेलंच नसतं. काहींना पाणी सापडलेलं नसतं. काही गारठून कोपऱ्यात बसलेली असतात आणि दाण्यापर्यंत जातच नाहीत. तरीही ती तीन दिवस जगतात, थोडंफार पळतात. बलक संपला की मरतात. म्हणून पाचव्या दिवशी ‘कोणतं औषध देऊ?’ असं विचारण्याआधी ‘पहिल्या दिवशी काय झालं होतं?’ हे आठवून पाहावं.

कोंबडी जे करते ते सगळं आता आपल्याला करायचं आहे

नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या अंगावर पिसं नसतात, नुसती लव असते. स्वतःच्या शरीराचं तापमान टिकवणं त्याला सुरुवातीचे दोन-तीन आठवडे नीट जमत नाही. आई त्याला पोटाखाली घेते. ती दाणा चोचीत उचलून खाली टाकते, टुकटुक आवाज करते, आणि पिल्लं त्या आवाजाने धावत येऊन तोच दाणा टिपतात. ती उकिरडा उकरून किडे दाखवते. घार दिसली की वेगळाच आवाज काढते, आणि पिल्लं क्षणात गायब होतात.

हॅचरीतून आणलेल्या पिल्लाला यातलं काहीच मिळत नाही. उष्णता बल्बची, शिकवणी आपली आणि राखणही आपलीच.

एक सोपी वाट मात्र आहे, आणि गावाकडे ती अनेकांना ठाऊक असते. घरी किंवा शेजारी एखादी कोंबडी अंड्यांवर बसून होत आली असेल, तर एक-दोन दिवसांची पिल्लं रात्री अंधारात हळूच तिच्याखाली सरकवायची आणि तिची अंडी काढून घ्यायची. सकाळी ती त्यांना आपलीच समजते. एका कोंबडीखाली दहा-बारा पिल्लं ठीक. कधी कधी ती स्वीकारत नाही, टोचते, म्हणून पहाटे उठून बघावं लागतं. स्वीकारली तर तुमचं निम्मं काम तिने घेतलं.

पिल्लं येण्याआधी

पहिली चूक बल्बची. आता घराघरांत एलईडी दिवे आहेत, आणि पुष्कळजण तोच खोक्यावर टांगतात. एलईडीचा उजेड भरपूर, पण पिल्लांना पुरेल अशी उष्णता त्यातून मिळत नाही. पिल्लांना तारेचा जुना पिवळा बल्ब लागतो, नाहीतर कोंबड्यांसाठी मिळणारा इन्फ्रारेड बल्ब. मोठ्या शेडमध्ये पिल्लामागे साधारण दोन वॅट असा हिशेब धरतात, पण तो शेकडो पिल्लांना लागू पडतो, कारण ती एकमेकांनाही ऊब देतात. वीसच पिल्लं असतील तर ४० वॅटवर थंडीत भागणार नाही. ६० वॅटचे दोन बल्ब लावा. एकच मोठा लावला आणि रात्री दोन वाजता तो गेला, तर सकाळी काय दिसेल ते सांगायला नको.

दुसरी गोष्ट आकाराची. चौकोनी खोक्याला कोपरे असतात. पिल्लं घाबरली किंवा गारठली की कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. म्हणून पोल्ट्रीवाले पत्र्याची किंवा पुठ्ठ्याची दीड फूट उंचीची पट्टी गोल उभी करतात. त्याला चिक गार्ड म्हणतात. घरी जाड पुठ्ठा गोल वाकवून टाचला तरी चालतं. खोकंच वापरायचं असेल तर कोपऱ्यांत पुठ्ठा तिरका लावून ते बुजवा.

खाली भाताच्या तुसाची दोन इंच गादी. लाकडाचा अगदी बारीक भुसा नको, पिल्लं तो दाणा समजून खातात. पहिले दोन-तीन दिवस तुसावर कागद अंथरतात, म्हणजे दाणा दिसतो आणि पिल्लं तूस खात नाहीत. पण गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय घसरून दोन बाजूंना फाकतात आणि तसेच राहू शकतात. खरबरीत कागद, पोतं किंवा जुनं सुती कापड बरं.

आणि बल्ब पिल्लं आल्यावर लावायचा नाही. काही तास आधीच लावायचा. वरची हवा लवकर तापते, पण गादी गार असली तर पिल्लाच्या पायातून आणि पोटातून ऊब निघून जाते. तुसात हात घालून बघा. कोमट लागायला हवी.

पहिले चोवीस तास

पिल्लं प्रवासातून आलेली असतात, म्हणजे आधी पाणी. गार नाही, कोमट. पहिल्या काही तासांत त्यात थोडा गूळ विरघळवून देण्याची पद्धत आहे आणि ती चांगली आहे, थकलेल्या पिल्लाला त्याने तरतरी येते. मात्र दिवसेंदिवस गूळपाणी देत राहू नका, विष्ठा पातळ होते. खोक्यातून काढताना प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात हलकेच बुडवायची. नाकपुड्या बुडू द्यायच्या नाहीत. वीस पिल्लांना दहा मिनिटं लागतात, आणि माझ्या मते पिल्लं जगवण्यात याहून मोलाची दहा मिनिटं नाहीत.

वाटीत पाणी ठेवू नका. पिल्लू वाटीत पडतं, भिजतं आणि गारठून मरतं. चिमुकलं पिल्लू तर दोन बोटं खोल पाण्यातही बुडतं. बाजारात पिल्लांचे छोटे ड्रिंकर मिळतात, तेच घ्या. तोवर उथळ बशीत स्वच्छ खडे भरून पाणी घाला, म्हणजे चोच जाते आणि पाय बुडत नाहीत.

तास-दोन तासांनी दाणा. मक्याचा बारीक भरडा किंवा पिल्लांचं खाद्य कागदावरच थोडं थोडं पसरायचं. भांड्यातलं खाद्य पिल्लांना पहिल्या दिवशी सापडेलच असं नाही. मग बोटाने कागदावर टकटक करायचं, जशी कोंबडी चोचीने करते. दोन-चार धीट पिल्लं येतात, टोचतात. बाकीची त्यांचं बघून शिकतात. हे गमतीचं वाटतं, पण पाचव्या दिवसाचं मरण इथे टळतं.

रात्री झोपण्याआधी एक तपासणी करा. पिल्लू हातात घेऊन गळ्याच्या खाली, छातीच्या वर बोटाने चाचपा. तिथे खाद्य साठवायची पिशवी असते. खाल्ल्या-प्यायलेल्या पिल्लाची ती भरलेली आणि मऊ लागते. नुसता कोरडा दाणा लागला तर त्याला पाणी सापडलेलं नाही. रिकामी लागली तर ते खात नाही. अशी पिल्लं बाजूला काढा, पुन्हा चोच बुडवा, दाण्यासमोर ठेवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एकही पिशवी रिकामी राहता कामा नये.

त्याच वेळी पिल्लाचे पाय आपल्या गालाला लावा. गार लागले तर पिल्लू गारठलंय. गारठलेल्या पिल्लाला आधी ऊब, मग पाणी आणि शेवटी दाणा. हा क्रम उलटा केला तर ते खातही नाही आणि वाचतही नाही.

थर्मामीटर नसेल तर पिल्लांकडे बघा

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं. पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं, म्हणजे बल्ब थोडा वर उचलायचा. चौथ्या-पाचव्या आठवड्यापर्यंत पिसं आली की बाहेर फार थंडी नसेल तर बल्बची गरज संपते.

आकडा लक्षात ठेवा, पण निर्णय पिल्लांवर सोडा. ती बल्बच्या बरोबर खाली एकमेकांवर चढून मोठ्याने, टोकदार आवाजात ओरडत असतील, तर थंडी आहे. बल्बपासून लांब, कडेला चिकटून, चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील, तर उकडतंय. सगळी एकाच बाजूला गोळा झाली असतील, तर दुसऱ्या बाजूने वाऱ्याची झुळूक येते आहे, फट शोधा. आणि काही खाताहेत, काही झोपलीत, सगळीकडे विखुरलेली आहेत, हलकी किलबिल चालू आहे, तर काही करू नका. बल्ब गादीपासून फूट-दीड फुटावर ठेवून सुरुवात करा आणि त्यांच्याकडे बघत वर-खाली करा. त्यांना लांब सरकायला जागा मात्र असली पाहिजे. खोकं इतकं लहान नको की उकडलं तरी बल्बखालीच बसावं लागेल.

मे महिन्यात विदर्भात हे सगळं उलटं होतं. बाहेर ४२-४३ अंश असताना दुपारी बल्ब लावणं म्हणजे पिल्लं भाजणं. तेव्हा दिवसा बल्ब बंद, छपरावर ओलं पोतं, दिवसातून चार वेळा ताजं गार पाणी, आणि उत्तररात्री गरज वाटली तरच बल्ब. नवख्याने भर उन्हाळ्यात किंवा डिसेंबरच्या कडाक्यात सुरुवात करूच नये, असं मला वाटतं.

वीज गेली तर

वीस पिल्लांची मोठी मर एकाच रात्रीत होते ती बहुधा अशी. वीज जाते, बल्ब विझतो, अंधारात पिल्लं घाबरून ढीग करतात. त्यामुळे पिल्लं आणण्याआधीच तयारी हवी. जुन्या प्लास्टिकच्या बाटल्यांत कडकडीत नाही पण चांगलं गरम पाणी भरा, कापडात गुंडाळा आणि गादीवर आडव्या ठेवा. पिल्लं त्यांना टेकून बसतात. तापवलेली वीट पोत्यात गुंडाळूनही चालते. वरून पोतं टाका, पण एक बाजू उघडी ठेवा. दोन-तीन तासांनी पाणी बदलायचं. झोपमोड होते, इलाज नाही.

कोळशाची शेगडी मात्र बंद खोलीत कधीही नको. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साईड वायू दिसत नाही, वास येत नाही, आणि पिल्लांबरोबर माणसाचाही जीव घेऊ शकतो.

कणीवर पिल्लं का वाढत नाहीत

‘आमची आजी कणीच टाकायची, तिच्या कोंबड्या कशा जगल्या?’ हा प्रश्न हमखास येतो. आजीची पिल्लं आईबरोबर दिवसभर उकिरड्यावर फिरायची. किडे, गांडुळं, वाळवी खायची. वारुळाचा तुकडा आणून पिल्लांपुढे फोडण्याची रीत काही उगाच नव्हती. पिल्लांच्या खाद्यात वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात, आणि तांदळात ती जेमतेम सात-आठ टक्के असतात. खोक्यात कोंडलेल्या पिल्लाला उरलेली प्रथिनं कुठून मिळणार? म्हणून पहिले सहा आठवडे चिक स्टार्टर म्हणून मिळणारं खाद्यच द्या. देशी किंवा गिरिराज, वनराज अशा सुधारित जातीच्या पिल्लाला या सहा आठवड्यांत साधारण किलोभर खाद्य लागतं. वीस पिल्लांना वीसेक किलो. इथे काटकसर नको.

अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेयर खाद्य घरात असेल तर तेही पिल्लांना घालू नका. कवचासाठी त्यात कॅल्शियम खूप असतं आणि पिल्लांच्या मूत्रपिंडांना ते झेपत नाही.

पहिल्या आठवड्यात आणखी एक गोष्ट रोज बघायची. काही पिल्लांच्या शेपटीखाली विष्ठा चिकटून वाळते आणि वाट बंद होते. अशी पिल्लं फुगून मरतात. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने ती मऊ करून पुसायची. ओढून काढायची नाही, कातडी सोलली जाते. मग पिल्लू कोरडं करून बल्बखाली सोडायचं. मात्र पोटावरची बेंबी ओढू नका, ती वेगळी. बेंबी ओली, सुजलेली आणि दुर्गंधीची असेल तर तो हॅचरीतूनच आलेला संसर्ग असण्याची शक्यता जास्त. अशी पिल्लं घेतानाच नाकारावीत.

पहिला आठवडा निभला, मग?

मग धोका बदलतो. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात पिल्लं पंख पाडून बसू लागली आणि विष्ठेत रक्त दिसलं, तर ती रक्ती हगवण. तिचे जंतू ओल्या गादीत वाढतात. पाण्याच्या भांड्याभोवतीचं ओलं तूस रोज काढून कोरडं घालणं, हाच तिच्यावरचा स्वस्त उपाय. कोकणात पावसाळ्यात हे फार कटकटीचं होतं, पण तिथेच ते सर्वांत गरजेचं. खोक्याशी उकिडवे बसून नाक पिल्लांच्या उंचीवर न्या. डोळे चुरचुरले तर अमोनिया साठलाय, आणि पिल्लं ती हवा दिवसरात्र घेताहेत. रक्त दिसलं तर मात्र वाट बघू नका, त्याच दिवशी पशुवैद्यकाकडून औषध आणा.

लसींचं घोडं एका विचित्र ठिकाणी अडतं. मानमोडी, म्हणजेच राणीखेत, हा रोग परसातल्या कोंबड्यांचे कळपच्या कळप साफ करतो. उत्तराखंडातल्या राणीखेतमध्ये १९२०च्या दशकात त्याची नोंद झाली, म्हणून आपल्याकडे हे नाव पडलं. जगात त्याला न्यूकॅसल म्हणतात. त्यावर लासोटा ही लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात एक थेंब अशी देतात, आणि पुढे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुन्हा. मध्ये चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरोची लस. पण कुप्या शेकडो पिल्लांच्या हिशेबाने येतात, आणि एकदा विरघळवलेली लस बर्फावर ठेवून तास-दोन तासांत संपवावी लागते. वीस पिल्लांसाठी हे करायला कुणी तयार होत नाही, म्हणून परसातली पिल्लं बिनलसीची राहतात. उपाय एकच, गल्लीतल्या किंवा वाडीतल्या चार-पाच घरांनी मिळून एकाच आठवड्यात पिल्लं आणायची आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी बोलून ठेवायचं. मरेक्सची लस मात्र पहिल्याच दिवशी हॅचरीत टोचतात. पिल्लं घेताना ‘मरेक्स दिलंय का?’ एवढं विचारा. विचारणारं गिऱ्हाईक बघून विक्रेताही जरा सावध होतो.

बाजारात पाटीत गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं मिळतात, मुलं हट्ट धरतात. ती बहुतेकदा अंड्यांच्या जातीचे नर असतात. लेयर हॅचरीला फक्त माद्या हव्या असतात, म्हणून हे नर स्वस्तात विकले जातात. रंगात भिजलेली, गारठलेली, बिनलसीची ही पिल्लं जगवणं अनुभवी माणसालाही जड जातं. मुलाला पिल्लू पाळायला शिकवायचं असेल तर सुरुवात याने करू नका. घ्यायचीच तर पशुसंवर्धन विभागाच्या अंडी उबवणी केंद्रातून किंवा माहितीच्या हॅचरीतून, आणि एकट-दुकट नाही. एकटं पिल्लू दिवसभर ओरडत राहतं.

उंदीर आणि घूस या शत्रूंकडे लोकांचं लक्ष नसतं. मांजर आणि मुंगूस सगळ्यांना आठवतं, पण रात्री खोक्यात शिरून पिल्लं ओढून नेणारी घूस सकाळी नुसता हिशेब चुकवून जाते. पिल्लं मेलेली दिसत नाहीत, कमी झालेली दिसतात. अर्ध्या इंची जाळी वरून आणि चारही बाजूंनी हवी. कोंबड्यांची मोठ्या भोकांची जाळी उंदराला दार उघडं ठेवल्यासारखीच.

चांगल्या हातांतही शंभरात दोन-तीन पिल्लं जातात, ती धरूनच चाला. एखादं अधूनमधून मेलं तर खड्डा करून चुना टाकून पुरा आणि हात साबणाने धुवा. पण एकाच दिवसात बरीच मोठी पिल्लं किंवा कोंबड्या पटापट मेल्या, तर त्यांना हात लावू नका, उकिरड्यावर टाकू नका, शेजाऱ्याला विकू तर मुळीच नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवा. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला सापडला होता.

दीड-दोन महिन्यांची झाली की पिल्लं मोठ्या कोंबड्यांत सोडता येतात. पण थेट नाही. आठवडाभर जाळीच्या एका बाजूला ही, दुसऱ्या बाजूला त्या, असं ठेवा. मग एखाद्या संध्याकाळी, अंधार पडल्यावर, पिल्लांना उचलून त्याच खुराड्यात नेऊन बसवा. सकाळी टोचाटोची होईल, तेव्हा दाण्याची दोन भांडी लांब-लांब ठेवलेली असू द्या.